लाइट गेल्याचा मेसेज

तिरडीला शेवटची गाठ मारली जात होती, तेवढ्यात हेमराज ओरडला, "थांबा! कोणी हात नका लावू!"

खांदा द्यायला पुढे सरसावलेली माणसं जागीच थबकली. हेमराज नाकाडे नागपूरहून मोटारसायकल हाणत तासाभरापूर्वीच गावात पोचला होता. बापाच्या पायांवर डोकं ठेवून तो पोटभर रडला होता. मग नातेवाइकांना कळवायला त्याने मोबाइल काढला आणि त्याचे डोळे त्या चिमुकल्या पडद्यावर खिळून राहिले.

"रात्री गावात लाइट गेली होती काय गा?"

"नाई," कोणीतरी म्हणालं. "दिवाळीचे दिवस आहेत, भारनियमन बंद आहे. रातभर मंडईच्या जत्रेत नाटक चाललं. लाइट एकदाबी नाई गेली."

"मग माझ्या एकट्याच्या घरची काऊन गेली?"

तिरडी अंगणातच राहिली आणि देसाईगंजच्या ठाण्यात फोन गेला.

फौजदार वामनराव गेडाम आले ते वैतागलेलेच. निवृत्ती जवळ आलेली, आदल्या दिवशीची भाऊबीज, बहिणीने डबाभर करंज्या बांधून दिलेल्या, आणि हा डबा आता जीपमध्ये हवालदार पत्रूच्या मांडीवर होता. पत्रूच्या मांडीवरचा डबा हलका होत जातो हे वामनरावांना अनुभवाने ठाऊक होतं. पण अंगणातलं प्रेत पाहिलं आणि त्यांचा वैताग निवळला. बापूजी नाकाड्यांना ते ओळखत होते. गडचांदूरकडच्या खाणींत उभी उमेद घालवून, छातीत धूळ घेऊन परत आलेला माणूस. वर्षभर अंथरुणाला खिळलेला.

"बोला," त्यांनी हेमराजला विचारलं. "घरची लाइट गेली हे तुम्हाला नागपुरात कसं कळलं?"

हेमराजने दाराच्या वर भिंतीवर बसवलेला एक पांढरा डबा दाखवला. टिफिनएवढा, बाजूला काळी शेपटी असलेला.

"माझा धंदाच आहे साहेब हा. ह्याच्यात मोबाइलचं सिमकार्ड आहे. दार उघडलं का माझ्या फोनवर मेसेज येते. लाइट गेली, मेसेज. लाइट आली, मेसेज. एका मेसेजचा एक रुपया. रुपयात घराची खबर! नागपुरात मोठ्या मोठ्या बंगल्यांत बसवून राह्यलो मी."

बाप अंगणात पडलेला असताना त्याच्या तोंडून ही जाहिरात सवयीनेच निघून गेली असावी. त्याचं त्यालाच ते लागलं आणि तो गप्प झाला.

"रात्री मेसेज आला, तेव्हा पाहिला नाहीत?"

"पाह्यला. म्हणजे… नजर गेली. लाइट गेल्याचा मेसेज रोजच येते साहेब. सकाळी जाते, संध्याकाळी जाते. त्याच्याकडं कोण ध्यान देते? दिवाळीत भारनियमन नसते हे माझ्या डोक्यातच नाई आलं."

"आणि दार?"

"दार उघडल्याचा मेसेज नाई. म्हणजे दार उघडलंच नाई. घरात जया होती, माझी बायको. बाहेरच्या कोणी लाइट बंद केली साहेब. मेन स्विच दाराच्या आत छपरीत आहे, पण जाळीतून कोणाचाही हात पोचते. बापूजी ऑक्सिजनच्या मशीनवर होते. मशीन थांबली का…"



वामनरावांनी प्रेताजवळ बसून चादर बाजूला केली. अंगावर मारल्याची खूण नव्हती. पण बोटं आखडली होती, आणि नखांत लाल दोरे अडकले होते. त्यांनी ते दोरे काढून कागदात बांधले आणि घरात गेले.

बापूजींची खोली नीटनेटकी होती. खाट, खाटेजवळ हवेतून ऑक्सिजन ओढणारं मशीन, त्याची पारदर्शक नळी, आणि पायथ्याशी घडी घातलेली लाल गोधडी. गोधडीच्या एका काठाचे टाके ओढले गेले होते. मशीनची वायर कोपऱ्यातल्या इन्व्हर्टरला जोडली होती.

जया दाराशी उभी होती. तिशीच्या आतबाहेरची, डोळे सुजलेले.

"रात्री घरात कोण होतं, बाई?"

"मी आणि मामाजी." सासऱ्याला ती मामाजीच म्हणे. "मिथुनभाऊ मंडईत होते, नाटकाच्या लाइटचं काम त्याईच्याकडं आहे. चैतू घरामागच्या खळ्यावर धानाच्या राखणीले."

"लाइट गेलेली कळली नाही?"

"झोप लागली होती."

"सकाळी काय पाहिलं?"

"चहा घेऊन गेली. मामाजी उठेनात. अंग थंड लागलं."

"मशीन?"

"चालू होती."

"नळी?"

"नाकात होती. नीट."

"गोधडी?"

"अंगावर होती."

"विस्कटलेली?"

जयाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "नाई. नीट होती."

श्वासासाठी तडफडणारा माणूस नाकातली नळी ओढून काढतो, गोधडी फाडतो. तो मरताना नळी परत नाकात घालत नाही आणि गोधडीही सारखी करत नाही.

अंगणात मात्र गावाने निकाल लावून टाकला होता. चैतू मडावी. नाकाड्यांचा सालदार. वर्षाच्या बोलीवर नांगर-वखर, राखण, गुरंढोरं सगळं पाहणारा. बापूजींनी दसऱ्यानंतर बैलजोडी विकली. ट्रॅक्टर आल्यावर बैल कशाला, असं धाकट्या मिथुनचं म्हणणं. चैतूने ते बैल वासरं असल्यापासून वाढवले होते. पाडव्याला, गायगोधनाच्या दिवशी, सगळ्यांची जनावरं रंगून, माळा घालून निघाली, तेव्हा चैतू रिकामा दोर हातात घेऊन नाकाड्यांच्या अंगणात उभा राहिला आणि चारचौघांत म्हणाला, "बापूजी, तुमचं भलं नाई होनार."

"सगळ्याईनं आयकलं साहेब," हेमराज म्हणाला. "आणि रात्री सारा गाव मंडईत. मागं एकटा हा."

चैतूला जीपमध्ये घातलं तेव्हा त्याने हात जोडले नाहीत की गयावया केली नाही. त्याची पोटुशी बायको जीपमागे चालत निघाली आणि दुपारी ठाण्यासमोरच्या चिंचेखाली येऊन बसली. वरून साहेबांचा फोन आला होता. आरोपी हातात आहे, उद्या कोर्टात उभा करा, खुनाचं कलम लावा. एकदा ते कलम लागलं की चैतूला सोडवायला कोण येणार होतं? वकील म्हणजे काय हे त्या बाईला ठाऊक नव्हतं.

"रात्री कुठं होतास?" वामनरावांनी विचारलं.

"खळ्यावर."

"घराकडं आलास?"

"नाई."

"काही ऐकलंस?"

चैतूने मान खाली घातली. "मशीन चिरकत होती, साहेब."

"कोणती मशीन?"

"घरातली. लाइट गेली का ते इन्व्हर्टर चिरकते. रोजच चिरकते. मले झोपीत आवाज आला. मी कूस बदलली." "उठलो असतो तं बापूजी वाचले असते काय, साहेब?"

खून करणारा माणूस हा प्रश्न विचारत नाही, एवढं वामनरावांना कळत होतं. पण असं कळणं कोर्टात चालत नाही.

"मग मशीन बंद झाल्यावर कोणी दिसलं?"

"नाई."

हे 'नाई' फार लवकर आलं. आधीच्या प्रत्येक उत्तराआधी चैतू थांबला होता, इथे थांबला नाही.

"चैतू, उद्या तुला चंद्रपूरच्या जेलात पाठवतील. बायको बाहेर बसली आहे. आठवून सांग."

"नाई दिसलं कोणी," चैतू म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

संध्याकाळी सरकारी दवाखान्यातून कागद आला. श्वास कोंडून मृत्यू, दुसऱ्या कोणाचा हात लागल्याची खूण नाही. गोधडीचे आणि नखांतले दोरे एकच. बापूजींना दिवस मावळायच्या आत अग्नी दिला. वामनराव दुरून पाहत उभे राहिले. त्यांच्या स्वतःच्या वडिलांनाही दमा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा गावात आले, पण नाकाड्यांकडे न जाता शेजारच्या सोमारीबाईकडे गेले. बाई धान सुपात पाखडत होती.

"जयाबाई कशी आहे स्वभावानं?"

"गरीब आहे बिचारी. सासऱ्याचं हागणं-मुतणं सारं करते. नवरा तिकडं, लेकरू नाई. कुठी जाणं नाई, येणं नाई."

"तुमच्याकडेही येत नाही?"

"येते ना. पण तिची गंमतच आहे." सोमारी सूप थांबवून हसली. "आम्ही साऱ्या बाया लाइट आली का कामं उरकतो. आणि हिले लाइट गेली तंच सवड भेटते! अंधारात येऊन बसते, बोलते, हसते. लाइट यायची वेळ झाली का पळते. आम्ही म्हणतो, काऊन वो, लाइटीले भेतेस काय? तं नुसती हसते."

"मंडईला आली होती?"

"कायची येते! आम्ही बोलवाले गेलो होतो. म्हणे, घर सोडून येता येत नाई."

वामनराव तिथून निघाले ते नाकाड्यांच्या छपरीत येऊन बसले. पत्रूला त्यांनी चैतूला घेऊन यायला पाठवलं. हेमराज, मिथुन आणि जया, तिघांना समोर बसवलं. मिथुन पंचविशीचा, दाढी वाढलेला. कालपासून तो कोणाशी धड एक शब्द बोलला नव्हता. बापाच्या दुःखाने, असं सगळे म्हणत होते.

"हेमराजभाऊ, मोबाइल हातात घ्या. मिथुन, मशीन चालू कर."

आतून मशीनची घरघर सुरू झाली. वामनराव उठले आणि छपरीतला मेन स्विच त्यांनी खाली ओढला. थोड्या वेळाने हेमराजचा फोन वाजला.

"काय आलं?"

"लाइट गेली."

वामनरावांनी समोरचं दार सताड उघडलं. बाहेर गेले. आत आले. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. सगळे हेमराजच्या हाताकडे पाहत होते. फोन गप्प होता.

"दाराचा मेसेज कुठं आहे?"

हेमराज चाचरला. "डबा लाइटीवर आहे साहेब. आतल्या सेलवर तो एकच मेसेज पाठवू शकते, का लाइट गेली. मग झोपते. लाइट आली का जागा होते."

"हे काल का नाही सांगितलंत? काल तुम्ही म्हणालात, मेसेज नाही म्हणजे दार उघडलं नाही."

"माझ्या… ध्यानात नाई आलं."

खरं तर ध्यानात न येण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण माणूस आपल्याच मालावर इतका विश्वास ठेवतो, की तो कुठे आंधळा आहे हे विकणाऱ्यालाच दिसत नाही.

तेवढ्यात आतून कर्कश आवाज सुरू झाला. इन्व्हर्टर चिरकत होता. मशीनची घरघर खोल गेली, अडखळली, आणि सगळंच थांबलं.

"असं कसं?" जया ताडकन उठली. "तीन घंटे चालते ते! रोज चालते! आत्ता तं लाइट गेली!"

ती धावत इन्व्हर्टरजवळ गेली आणि त्याच्यावर हात ठेवून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ज्याच्यावर भार टाकला त्यानेच दगा दिल्यावर माणूस जसा पाहतो, तशी ती पाहत होती. वामनरावांना तिची फार दया आली. इथून पुढचं बोलणं आता टाळता येणार नव्हतं.

ते इन्व्हर्टरपाशी वाकले. खाली लाकडी फळीवर बॅटरी होती. फळीवरच्या धुळीत बॅटरीचा चौकोन उमटला होता, पण तो चौकोन मोठा होता आणि त्यात बसलेली बॅटरी लहान. तारांच्या टोकांवरच्या नटांना नुकताच पाना लागल्याच्या चकचकीत रेघा होत्या.

"मिथुन, ही बॅटरी कुणाची?"

मिथुनने नजर फळीवरून काढून घेतली.

"ट्रॅक्टरची जुनी?"

मिथुनने खाली बसून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मंडईच्या मंडपाले पाहिजे होती," तो हातांतूनच म्हणाला. "नाटकवाल्याईची बॅटरी फुगली. मंडपाचा फ्यूज उडून ऐन नाटकात लाइट गेली असती तं साऱ्या गावाची इज्जत गेली असती. घरची नेली. एका रातीची बात होती. भारनियमन तं बंदच होतं साहेब! घरी इन्व्हर्टर लागतेच कायले? फळी रिकामी दिसू नये म्हणून ही जुनी लावली. चांगली अजून रंगमंचाखालीच पडली आहे."

"वहिनीला सांगितलंस?"

"नाई. रागवली असती."

पत्रू चैतूला घेऊन आला. मागोमाग त्याची बायको. दोघं छपरीच्या पायरीशी उभे राहिले. वामनराव परत छपरीत येऊन तिथल्या खाटेवर टेकले आणि हळू आवाजात बोलू लागले.

"आता ऐका. भाऊबीजेच्या रात्री छपरीतला मेन स्विच कोणीतरी खाली ओढला. बापूजींना मारायला? तसं असतं तर त्या माणसाने इन्व्हर्टरही बंद केला असता. मेन बंद करून मशीन थांबत नाही, हे या घरात रोज सगळे पाहतात. मग कशासाठी? मेन बंद केल्यावर लगेच मुका होतो तो फक्त हा डबा. म्हणजे ज्याने लाइट बंद केली, त्याला दाराचा मेसेज जाऊ द्यायचा नव्हता. आता सांगा, चैतूला त्याचं काय? तो घरात नव्हताच. चोराला? चोराला ह्या डब्याची रीत ठाऊक नसते. लाइट गेली की डबा झोपतो, ही गोष्ट अशाच माणसाला ठाऊक असणार, ज्याने महिनोन्‌महिने त्याचा फायदा घेतलाय. ज्याला दाराबाहेर पाऊल टाकायला फक्त भारनियमनाचीच वेळ मिळते."

जया इन्व्हर्टरजवळून हलली नव्हती.

"दिवाळीत भारनियमन नव्हतं," वामनराव म्हणाले. "सगळ्या गावाला त्याचा आनंद. एका माणसाची मात्र सवडच गेली. मंडईची रात्र, ढोलकीचा आवाज इथपर्यंत येतोय, आणि दार उघडलं की नागपुरात फोन वाजणार. मग त्या माणसाने स्वतःच आपल्यापुरतं भारनियमन केलं. इन्व्हर्टरवर मशीन तीन तास चालतं, तेवढ्यात परत येऊ, असा हिशेब. परत आल्यावर आधी दार उघडलं, मग लाइट लावली, म्हणून तेव्हाही दाराचा मेसेज नाही, फक्त लाइट आल्याचा. पण आत बापूजी…"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"नळी त्यांनी ओढून काढली होती. ती परत कोणी घातली? गोधडी कोणी सारखी केली? मारणारा हे करत नाही. हे करतं ते सेवा करणारं माणूस."

हेमराज सावकाश उठला आणि वामनरावांच्या अगदी जवळ आला.

"साहेब," तो कुजबुजला, "दोन मिनिटं बाजूला या. जे झालं ते झालं. आमचं घर आहे, नाव आहे. चैतूवर कागद झालेच आहेत ना? राहू द्या तसंच. त्याच्या बायकोचं मी पाहतो."

कुजबूज होती, पण छपरी लहान होती. चैतूच्या बायकोने नवऱ्याचा दंड घट्ट धरला.

"मी बंद केली लाइट," जया म्हणाली.

ती खोलीबाहेर आली आणि सगळ्यांसमोर उभी राहिली.

"चैतूले सोडा साहेब. त्याईनं काई नाई केलं. मी मामाजीले विचारूनच गेली होती. ते म्हणाले, जा पोरी, पाहून ये, मी झोपतो. मीच त्याईले नळी लावून दिली, गोधडी टाकली आणि गेली. आली तं सारं काळं. मशीन बंद. मले वाटलं, झोपले आहेत. हात लावला…" तिने स्वतःच्याच तळहाताकडे पाहिलं. "मग मी लाइट लावली. मशीन सुरू झाली. नळी नाकात घातली. म्हटलं, हवा गेली का उठतील. सकाळपर्यंत बसून राह्यली त्याईच्यापाशी."

मिथुन हुंदके देत होता.

वामनरावांनी चैतूकडे पाहिलं. "तू पाहिलं होतंस हिला."

"येताना पाह्यलं," चैतू म्हणाला.

"मग जेलात जायला निघालास, तरी बोलला नाहीस?"

"बाईले एक रात नाटक पाहाचं होतं, साहेब. त्याच्यात पोलिसाले काय सांगाचं?"

हेमराजचा चेहरा लाल झाला होता. "मले काऊन नाई विचारलं?" तो बायकोवर ओरडला. "मी नाई म्हणलं असतं काय?"

"विचारलं होतं," जया म्हणाली. "तुम्ही म्हणलं, त्या नाटकात काय पाहाचं आहे. दार उघडलं तं मले कळते, ध्यानात ठेव."

तेव्हा वामनरावांनी त्याला शेवटचा प्रश्न विचारला. खरं म्हणजे खटल्यासाठी त्याची गरज नव्हती. पण काही प्रश्न गरजेसाठी नसतात.

"हेमराजभाऊ, ह्या डब्यातून एक तार बॅटरीकडे गेलेली दिसते. ती कशासाठी?"

"बॅटरी उतरली का… मेसेज येते."

"परवा नाही आला?"

"तो मेसेज मी बंद केला."

"का?"

हेमराज जमिनीकडे पाहत होता. "भारनियमनात बॅटरी रोज उतरे. रोज मेसेज येऊन राह्यला होता. रोजचा रुपया. म्हटलं, कायले पाहिजे? दाराचा आणि लाइटीचा तेवढा ठेवला."

"म्हणजे मिथुनने जुनी बॅटरी लावली त्या दुपारीच डब्याला कळलं होतं. तो तुम्हाला सांगू शकत होता. तुम्ही एक फोन केला असता, घरात कोणीतरी बॅटरी पाहिली असती."

हेमराज मटकन पायरीवर बसला. दारावर नजर ठेवायला रुपया होता, बापाच्या श्वासासाठी नव्हता. वामनराव हे तोंडाने बोलले नाहीत. न बोलताही ते साऱ्या छपरीला ऐकू गेलं होतं, आणि हेमराजला सर्वात जास्त.

कागद नव्याने झाले. खुनाचं कलम गेलं. जया आणि मिथुनवर निष्काळजीपणाचं लागलं, जामीन होण्यासारखं. हेमराजसाठी वामनरावांनी कायद्याचं पुस्तक मनातल्या मनात चाळून पाहिलं, पण त्याला लावायला त्यात कलम नव्हतं. चैतूच्या अंगठ्याला शाई लावून त्याला सोडून दिलं. बायको त्याला घरी चल म्हणत होती. तो म्हणाला, खळ्यावर धान उघडं पडलं आहे, आधी ते पाहतो. ती दोघं खळ्याच्या वाटेने गेली.

जीप देसाईगंजच्या रस्त्याला लागली. मागच्या बाकावर जया आणि मिथुन दोन टोकांना बसले होते. दोन्ही बाजूंना धान कापून रिकामी झालेली शेतं होती. वाटेत पुढच्या गावच्या मंडईचा मंडप लागला. माणसं बांबू रोवत होती, भोंग्यावरून आज रात्रीच्या नाटकाची दवंडी चालली होती. जयाने तोंड फिरवून घेतलं.

वामनरावांना गप्प राहवेना. काहीतरी साधं बोलावं, म्हणून त्यांनी पुढे पाहतच विचारलं, "कसं होतं मग बाई, नाटक?"

जयाने मागे वळून त्या मंडपाकडे एकदा पाहिलं.

"नाव नाई मालूम," जया म्हणाली. "मी मागं उभी होती, डोक्यावरून पदर घेऊन. एक म्हातारा होता नाटकात. सुनेले पाणी मागे, आणि सून त्याले भलतंच आणून दे. साऱ्या बाया हसून राह्यल्या होत्या. मीबी हसली, साहेब. लगन झाल्यापासून एवढी कधी हसली नव्हती."

तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"त्याच वक्ती मामाजी मले हाका मारत असतील."

जीपचा वेग कमी झाला. वामनरावांनी डोळे पुसले आणि कोणाला दिसू नये म्हणून खिडकीबाहेर पाहत राहिले. ठाणं येईपर्यंत जया रडत होती आणि तिला थांब असं कोणी म्हटलं नाही.